तुळईची टोकं कोरडी आहेत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाईचा, धंद्याने सुतार. वय बहात्तर. आमच्या घराला लागून एक जुना वाडा आहे आणि त्याची व आमची एक भिंत सामाईक आहे. त्या वाड्यावरून गेले काही महिने आमच्या आळीत रोज संध्याकाळी वाद चालतो. पारावर वाद होतच असतात, पण हा वाद कामाच्या चांगल्या-वाईटाचा आहे आणि काम हा माझा विषय आहे. म्हणून लिहायला बसलो.

वाडा २०१२ पासून बंद होता. चौदा हिस्सेदार, कुणी ठाण्याला, कुणी बडोद्याला, दोघे परदेशात. मागच्या भिंतीत पिंपळ रुजला होता, पडवीची कौलं घसरून परसात पडत होती. २०२३ च्या अखेरीस पुण्याच्या एका गृहस्थांनी सगळ्यांच्या सह्या मिळवून तो विकत घेतला. पुढच्या वर्षी आठ महिने काम चाललं आणि दिवाळीला दारावर पाटी लागली : ‘पेशवेकालीन वाडा, मूळ सागवानी काम, संपूर्ण नूतनीकरण. विकणे आहे.’ मागितलेली किंमत त्यांनी दिलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्त आहे. त्यांनी नफा घेऊ नये असं मी म्हणणार नाही. चौदा माणसांच्या सह्या गोळा करणं हेच केवढं काम आहे, त्याचे पैसे त्यांना जरूर मिळावेत.

समोरच्या काकू म्हणतात, ‘‘दोन घरं पलीकडचा वाडा पाडला, तिथे चार मजली इमारत आली, खाली गाळे निघाले. हा निदान उभा आहे. तिन्हीसांजेला तिथे दिवा दिसतो, मला तेवढं पुरे.’’ काकूंचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. त्या अंधाऱ्या दारासमोर त्यांनी एकटीने बारा वर्षं काढली आहेत. कोपऱ्यावरचे मास्तर म्हणतात, हा आता वाडा राहिलेला नाही, शूटिंगचा सेट आहे. आणि माझा पुतण्या म्हणतो, ‘‘काका, त्या वाड्याला भाव आला म्हणजे आपल्या घरालाही आला. तुम्ही कशाला मधे पडता?’’

हे तिघंही वाडा बाहेरून बघून बोलतात. मी त्याचं लाकूड आतून ओळखतो.

माझे आजोबा, वडील आणि मी, आम्ही तिघांनी त्या वाड्यात काम केलं आहे. आमचं घरही वाड्याच्या मालकांनी आजोबांना कामापोटी बांधून दिलं, म्हणून तर भिंत एक. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला लख्ख आठवते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. फडताळातली भांडी खडखडली आणि आईने आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणलं. उजाडल्यावर वडील मला घेऊन वाड्यात गेले. आतल्या भिंतींची माती जागोजागी गळली होती, एका कोनाड्याची महिरप निखळून खाली आली होती. पण खांब, हस्त (खांबाच्या माथ्याचे तुळईला आधार देणारे लाकडी हात), तुळया यांचा एकही सांधा सुटला नव्हता. वडिलांनी एकेका सांध्यावर माझा हात ठेवून मला दाखवलं. म्हणाले, ‘‘भार लाकडावर आहे. भिंत नुसती मधली जागा भरते. जमीन हलली तसं लाकूडही हललं आणि परत जागेवर बसलं.’’ त्या सांध्यांना लोखंडी खिळा नाही. एका लाकडाचं कुसू, म्हणजे पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी मारलेली. पुढे पन्नास वर्षं मी ज्या सुतारकामावर पोट भरलं, त्याचा पहिला धडा मला त्या सकाळी मिळाला.

आता त्या वाड्यात मागच्या वर्षी काय झालं ते सांगतो. काम चालू असताना मी जवळजवळ रोज आत जात होतो. कुणी अडवलं नाही, हेही सांगायला हवं.

छताचं काम चोख झालं आहे. कौलं उतरवली, एकेक वासा ठोकून पाहिला, कुजलेले काढून नवे घातले, मंगलोरी कौलं परत नीट चढवली, पन्हळी नव्या बसवल्या. पिंपळ मुळासकट काढला. विजेच्या तारा नव्या घातल्या, संडास-न्हाणी व्यवस्थित केली. एवढं काम त्या चौदा हिस्सेदारांनी पुढच्या वीस वर्षांतही केलं नसतं.

बिघडलं ते भिंतीपासून. वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं. त्यावर जुन्या पातळ, चपट्या विटा, आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि वरून चुन्याचा गिलावा. कृष्णा इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे अशी भिंत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी थोडं वर ओढणारच. पण ओढलेलं पाणी चुन्यातून हळूहळू उडून जातं आणि होळीपर्यंत भिंत ठणठणीत होते.

चुना म्हणजे नुसती पांढरी भुकटी नव्हे. माझ्या लहानपणी घाटाकडे जाताना चुन्याची घाणी लागायची. दगडी गोल चर आणि त्यात बैलाने ओढायचं दगडी चाक. कळीचा चुना हौदात विझवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू घालून घाणीत मळायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. चांगला मळलेला चुना हाताला लोण्यासारखा लागायचा. त्याला घाई चालत नाही. एक हात दिला की थांबायचं, ओला राखायचा, मग दुसरा हात. हवा लागून तो वर्षानुवर्षं दगड होत राहतो आणि केसासारखी चीर पडली तर पाण्याच्या ओलीने स्वतःच ती बुजवतो. माझ्या माहितीत असं काम करणारे गवंडी आता तालुक्यात दोनच उरले आहेत. त्यातले एक माझ्याहून तीन वर्षांनी मोठे आहेत.

नव्या मालकांनी तो सगळा गिलावा खरवडून काढला आणि सिमेंटचा मारला. त्यावर पुट्टी, त्यावर प्लास्टिकचा रंग, खाली चार फुटांपर्यंत टाइल्स. चौकात पूर्वी दगडी फरसबंदी होती, सांध्यांत माती भरलेली. पावसाचं पाणी थोडं मुरायचं, बाकीचं मोरीने बाहेर जायचं. तिथे आता काँक्रीट ओतून वर चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घातली आहे. त्यामुळे जमिनीतल्या ओलीला चौकातून वर यायला वाट उरली नाही. ती भिंतीत चढते. भिंतीत चढल्यावर वाड्याच्या बाजूने बाहेर पडता येत नाही, मग ती माझ्या बाजूने बाहेर पडते, कारण माझ्याकडे अजून वडिलांच्या काळचा चुना आहे.

माझं देवघर त्याच भिंतीला आहे. एवढ्या वर्षांत त्या भिंतीला कधी लोणा लागला नव्हता. यंदा मृगाचा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत देवांच्या मागे पांढरी खारट फुलं आली. बोटाने पुसली की गिलाव्याचा भुगा हातात येतो. बायकोने समईची जागा बदलली. ओल चढते आणि ऊन पडलं की सुकते, पण मीठ मागे ठेवून सुकते. ते मीठ गिलाव्याला आतून फोडतं आणि नंतर विटेलाही खातं.

वाड्याच्या बाजूला हे काहीच दिसत नाही. तिथे भिंत कागदासारखी गुळगुळीत आहे. आळीतले लोक ती बघून ‘काय सुंदर काम केलंय’ म्हणतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. माझ्या देवघरात येऊन कोण बघणार?

लाकडाबद्दल सांगताना मात्र मला त्रास होतो. दर्शनी सोप्याला सुरूच्या झाडाच्या आकाराचे चार खांब आहेत, प्रत्येकाच्या हस्ताला कोरलेलं केळफूल. १९७४ साली तिसऱ्या खांबाच्या केळफुलाची एक पाकळी किडीने गेली होती. वडिलांनी त्याच वाड्यातल्या जुन्या तुळईच्या तुकड्यातून नवी पाकळी कोरली. रेषांचा रंग जुळावा म्हणून तुकडा तीनदा बदलला. मी एकवीस वर्षांचा, खाली कंदील धरून उभा. पाकळी बसल्यावर सांधा डोळ्याला दिसत नव्हता, नख फिरवलं तरच कळायचा. मालक किती तरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘यातली नवी कुठली?’’ वडील काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी येताना त्यांनी मला हलवायाकडून पेढे घेऊन दिले असतील, असं वाटण्याइतके ते खुशीत होते. प्रत्यक्षात आम्ही सरळ घरी आलो आणि त्यांनी आईला ती गोष्ट दोनदा सांगितली.

मागच्या वर्षी त्या चारही केळफुलांवर सँडर मशीन फिरलं. पाकळ्यांच्या कडा गेल्या. महिनाभर वापरलेली साबणाची वडी कशी होते, तशी ती फुलं झाली आहेत. पाकळीच्या मधोमध पटाशीने ओढलेली एक शीर होती, ती कुठे कुठे पुसट दिसते, कुठे दिसतही नाही. वर पीयू पॉलिशचा जाड थर. वडिलांचा सांधा शोधायला मी नख फिरवलं तर नख घसरलं. हे लाकूड धुऊन, कोरड्या ब्रशने साफ करून जवसाचं तेल पाजलं असतं तरी पुरलं असतं. खर्चही कमी आला असता, फक्त हाताने करावं लागलं असतं.

माजघरातले दोन खांब वाळवीने बुडापासून गेले होते. ते बदलणं भागच होतं. त्यांच्या जागी लोखंडी पाइप उभे केले, भोवती प्लायची पेटी आणि त्यावर सागवानाचा पापुद्रा. लोखंड लावलं यात मला चूक दिसत नाही, ते भार घेईल. पण बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ वाजणाऱ्या त्या खांबांसकट दारावर ‘मूळ सागवानी काम’ अशी पाटी लावायची, हे बरोबर नाही.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. मला झोप येत नाही ती तुळयांपायी. मागच्या भिंतीत नऊ तुळयांची टोकं जातात. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवायची ही आमच्या धंद्यातली जुनी रीत, कारण तुळई मधे कुजत नाही, टोकाला कुजते. टोकाला हवा लागली पाहिजे. कामगारांनी त्या फटी सिमेंटने लिंपून टाकल्या. म्हणे तिथून उंदीर येतात. मग खालून जिप्समचं छत ठोकलं, त्यामुळे सगळा कडीपाट, म्हणजे तुळया आणि त्यांवरच्या फळ्या, झाकला गेला. आता ओल चढणाऱ्या भिंतीत, सिमेंटमध्ये कोंडलेली नऊ टोकं आहेत आणि ती कुणाला दिसत नाहीत. जुनं सागवान दमदार असतं, ते पाच-दहा वर्षं काही बोलणारही नाही. पण वर माणसं झोपणार आहेत.

मी तेव्हाच ठेकेदाराला सांगितलं होतं. मुलगा चांगला आहे, माझ्या मुलाबरोबर शाळेत होता. तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही म्हणता ते पटतं. पण मला दिवाळीला किल्ली द्यायची आहे. चुना मुरायची वाट बघत बसलो तर मालक दुसरा माणूस आणतील.’’ मला वाटतं, सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. त्या घरात एकही पावसाळा काढायचा नाही अशा माणसाने ते दुरुस्त केलं. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ते कसं दिसतं, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. राहणाऱ्यापुढचा प्रश्न श्रावणात सुरू होतो.

आमच्या गावाला तर हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. १७६२ साली सरदार रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं देऊळ नदीकाठी बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. दर्शनाला आलेला माणूस समोरून मूर्ती बघतो. मागे जाऊन भिंत किती जण बघतात? पण बांधणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार केला. आमच्या आळीतल्या साध्या वाड्यांतही तोच विचार होता, फक्त तो चुन्यात, चौकातल्या मातीत आणि तुळईच्या टोकाशी ठेवलेल्या बोटभर फटीत होता.

मागच्या महिन्यात डोंबिवलीचं एक जोडपं वाडा बघायला आलं. दोघंही नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्याची पुंजी घालून वाईला येऊन राहायचं त्यांच्या मनात आहे. वाडा बघून झाल्यावर त्या बाई माझ्या ओट्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही शेजारी. घर चांगलं आहे ना?’’ विकणाऱ्यांचा माणूस त्यांच्या मागेच उभा होता. समोर काकू दारात होत्या. मी म्हणालो, ‘‘छत चांगलं केलंय.’’ त्यांनी हसून नमस्कार केला आणि त्या गेल्या. मी खोटं बोललो नाही. पण त्यांनी छताबद्दल विचारलं नव्हतं. त्या रात्री मला वडिलांचा हात आठवला, सांध्यावर माझा हात धरून ठेवणारा, आणि मला माझी लाज वाटली. हे पत्र त्या बाईंसाठी आहे, आणि त्यांच्यासारखे जे कुणी पुणे-मुंबईहून जुनी घरं घ्यायला आमच्याकडे, नाशिकला, कोकणात जात असतील त्यांच्यासाठी.

कायद्याकडून फार आशा नाही. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, पण तो संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंसाठी. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. आमच्या आळीतल्या घराने कुठल्या यादीत जायचं? आणि सगळं यादीत घालून गोठवून टाकावं, असं माझं म्हणणंही नाही. घरं विकली जाणारच, माणसं बदलणारच.

मागणी एकच आहे. जुनं घर दुरुस्त करून विकताना त्याची कुंडली लेखी द्यावी. कुठली भिंत मातीची, कुठली विटेची; गिलावा चुन्याचा की सिमेंटचा; कुठले खांब जुने, कुठले नवे आणि आत काय आहे; छत झाकण्याआधी तुळयांच्या टोकांचे फोटो. नगरपालिकेने दुरुस्तीची परवानगी देताना हे मागावं आणि एक प्रत दप्तरी ठेवावी. याला फार खर्च नाही. ज्याने काम चांगलं केलं आहे त्याला यात अडचण येऊ नये. उलट त्याच्या कामाला त्यामुळे किंमत येईल. आणि तोवर घेणाऱ्यांनी स्वतः विचारावं. रंग-पॉलिश बघून झालं की विचारावं, तुळईची टोकं कोरडी आहेत का? उत्तर देणाऱ्याला प्रश्नच कळला नाही, तर थोडं थांबावं.

मास्तरांचं सेटचं म्हणणं मला मान्य नाही. त्यांना राग आलेला आहे आणि तो खरा आहे, पण सेटला तुळया नसतात. हा वाडा अजून वाडाच आहे. सामाईक भिंतीवरचं सिमेंट कमरेच्या वरपर्यंत काढून चुना लावता येईल. चौकाच्या कडेने हातभर पट्टा उकरून मोकळा ठेवता येईल. जिप्सममध्ये नऊ ठिकाणी झडपा करून टोकांभोवतीचं सिमेंट काढता येईल. दोन महिन्यांचं काम आहे. टोच्या घालून नऊ टोकं तपासायचं काम मी करीन, त्याचे पैसे नकोत. मालकांना मी हे दोनदा सांगितलं आहे, आता आपल्या मार्फत तिसऱ्यांदा सांगतो.

देवघरातल्या भिंतीवर मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत, प्रत्येकीपुढे तारीख. पहिली, १५ जून, जमिनीपासून अकरा इंच. दुसरी, १५ जुलै, एकोणीस इंच. तिसरी, १५ ऑगस्ट, सव्वीस इंच. ज्यांना तो वाडा घ्यायचा असेल त्यांनी आधी येऊन माझ्या बाजूची भिंत बघावी. सकाळी पूजा आटोपली की दहानंतर दार उघडंच असतं.

आपला,
एक सुतार, वाई (जि. सातारा)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)